लिनक्स सुरू होत नाही? आधी ते कुठपर्यंत पोचलं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उबुंटूने, म्हणजे तुमच्या लिनक्सने, अपडेट मागितलं, तुम्ही ते होऊ दिलं, मध्येच लॅपटॉप गोठल्यासारखा वाटला म्हणून पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला. आता सुरू केला की काळ्या पडद्यावर भराभर ओळी सरकतात आणि शेवटी कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ असं येऊन कर्सर लुकलुकत राहतो. एकाने सांगितलं, सरळ नव्याने इन्स्टॉल कर. दुसऱ्याने सांगितलं, एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारं साधन, चालव आणि सगळ्याला ‘हो’ म्हण. डिस्कवर दोन वर्षांचं काम आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. तुमचं काम बहुधा जागच्या जागी आहे. ते तसंच राहावं ही पहिली गोष्ट, मशीन सुरू होणं ही दुसरी. हा क्रम उलटा केल्यामुळे गेलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत आणि एकदा तो उलटा क्रम मीच केला होता. ते पुढे सांगतो.

‘बूट होत नाही’ एवढ्या वाक्यात डझनभर वेगवेगळे बिघाड मावतात. म्हणून कुणाचंही मशीन समोर आलं की ‘काय बिघडलं’ या प्रश्नाआधी मी ‘कुठपर्यंत पोचलं’ हे बघतो. बटण दाबल्यावर काम हातोहात पुढे जातं. मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय किंवा जुन्या मशीनवरचं बायोस, डिस्क शोधून ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, बोलावतं. ग्रब दोन फाइली मेमरीत आणतो: एक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि दुसरी इनिट्रॅमएफएस, म्हणजे कर्नलच्या हाताशी दिलेली छोटी तात्पुरती फाइल सिस्टम. तुमचं खरं रूट पार्टिशन, म्हणजे सगळी सिस्टम असलेला डिस्कचा भाग, कोणत्या डिस्कवर आहे, ते एन्क्रिप्ट केलेलं आहे का, त्यासाठी कोणता ड्रायव्हर लागतो, ही सगळी शोधाशोध त्या छोट्या फाइल सिस्टममधली साधनं करतात. रूट सापडलं, तपासलं, जोडलं की सिस्टमडी सूत्रं हातात घेतो, एकेक सेवा सुरू करतो आणि शेवटी लॉगिनचा पडदा येतो.

आता तुमच्या मशीनकडे बघा. फर्मवेअर चाललं. ग्रब चालला. कर्नलही जागा झाला. तुम्हाला दिसतोय तो इनिट्रॅमएफएसमधला बिझीबॉक्सचा शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची साधी जागा आहे. रूटपर्यंत जाता आलं नाही म्हणून मशीन तिथे थांबलंय आणि तुमच्या हुकमाची वाट बघतंय. याचा लगेचचा फायदा असा की ग्रब पुन्हा बसवा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढा, डेस्कटॉप बदला असले सल्ले तुम्ही डोळे मिटून वगळू शकता. बिघाड कर्नल आणि रूट पार्टिशन यांच्यामधल्या एका अरुंद पट्ट्यात आहे.

त्या पट्ट्यात नेमकं काय, हे मात्र मी इथून सांगू शकत नाही. ते प्रॉम्प्टच्या, म्हणजे त्या लुकलुकणाऱ्या कर्सरच्या, वर सरकून गेलेल्या दहा-पंधरा ओळींवर अवलंबून आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे फोनने त्या ओळींचा फोटो काढा. हे मी हट्टाने सांगतो, कारण या टप्प्यावरचा मजकूर डिस्कवर कुठेच नोंदला जात नाही. नोंद ठेवायची जागा रूट पार्टिशनवर असते आणि तेच अजून जोडलेलं नाही. मशीन बंद केलं की तो पुरावा गेला. ओळी भराभर निघून जात असतील तर ग्रबच्या मेनूत नेहमीच्या नोंदीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडा आणि एफ१० दाबून पुढे जा. हा बदल एका वेळेपुरताच असतो. मेनू दिसतच नसेल तर सुरू करताना यूईएफआयवर एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट.

त्या ओळींत बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते. एक, ‘अलर्ट’ आणि मग अमुक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) अस्तित्वात नाही, म्हणजे कर्नलला रूट सापडलंच नाही. दोन, ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी’ आणि एफएससीके हाताने चालवा, म्हणजे रूट सापडलं, पण आतल्या नोंदी जुळत नाहीत. पॉवर बटणाने बंद केल्याचं तुम्ही सांगताय म्हणून माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण नुसत्या कलावर मी कुणाच्या डिस्कवर एक बाइटही लिहिणार नाही.

मधल्या काळात तुमच्या फाइली सुरक्षित करा. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उबुंटूचा लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता ज्यावरून उबुंटू चालतं तो) तयार करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि ‘ट्राय’चा पर्याय घ्या, इन्स्टॉलचा नको. मग टर्मिनल उघडा. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं आणि पुढे ‘सुडो’. ‘एलएसबीएलके -एफ’ म्हटलं की सगळी पार्टिशन, त्यांचे प्रकार आणि यूयूआयडी दिसतील. यूयूआयडीही टिपून ठेवा, पुढे लागतील.

रूट पार्टिशनची फाइल सिस्टम एक्स्ट४ असेल तर ते ‘-ओ आरओ,नोलोड’ लावून माउंट करा, म्हणजे जोडा. ‘आरओ’ म्हणजे फक्त वाचण्यापुरतं हे बहुतेकांना माहीत असतं. ‘नोलोड’ माहीत नसतं. नुसत्या ‘आरओ’नेही एक्स्ट४ अर्धवट राहिलेलं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, पूर्ण करायला जातं, म्हणजे डिस्कवर लिहितंच. ‘नोलोड’ त्याला थांबवतं. जर्नल पूर्ण न झाल्यामुळे शेवटच्या काही क्षणांतल्या फाइली जुन्या किंवा विस्कटलेल्या दिसू शकतात, त्याने घाबरून जाऊ नका. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी ‘क्रिप्टसेटअप ओपन’ करून पासवर्ड द्यावा लागेल. मग तुमचं होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

आता ती जुनी गोष्ट. एका स्नेह्याचा संगणक असाच एफएससीके मागत होता. डिस्कमधून अधूनमधून टकटक येत होती, ती मी ऐकली आणि सोडून दिली. घाईत होतो, ‘-वाय’ लावला आणि चहा घ्यायला गेलो. ‘-वाय’ म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो. डिस्कचा एखादा भाग वाचता येत नसेल तर एफएससीके विचारतो, चूक सोडून द्यायची का, आणि त्या जागी जबरदस्तीने लिहायचं का? माझ्या गैरहजेरीत त्यालाही हो गेलं. मशीन सुरू झालं, पण होम फोल्डरचा मोठा भाग ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये पडला होता, नावांच्या जागी नुसते आकडे. काही फाइली ओळखू आल्या, बऱ्याच नाहीत. डिस्क मरायला टेकली होती. आधी तिची प्रत काढली असती तर त्यातलं बहुतेक वाचलं असतं. तेव्हापासून डिस्कची तब्येत पाहिल्याशिवाय मी दुरुस्तीला हात लावत नाही.

तब्येत बघायला ‘स्मार्टसीटीएल -ए’ आणि पुढे डिस्कचं नाव. फिरत्या डिस्कवर रीअ‍ॅलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टरच्या ओळी बघा. त्यांचे क्रमांक ५, १९७ आणि १९८. शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर उत्तम. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर पुढे काहीही करण्याआधी डिस्कची प्रत. एनव्हीएमई, म्हणजे नव्या प्रकारची चिपवाली डिस्क, असेल तर ‘क्रिटिकल वॉर्निंग’ आणि ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ या दोन ओळी. ‘डीएमईएसजी’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, डिस्कच्या नावापुढे आय/ओ एरर येत असतील तर स्मार्ट (डिस्कची स्वतःची तब्येतनोंद) काहीही म्हणो, त्या डिस्कवर विश्वास ठेवू नका. अशा वेळी ‘डीडीरेस्क्यू’ वापरा. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणारा भाग शेवटी ठेवतो आणि कुठपर्यंत आलो याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहितो, त्यामुळे मध्येच थांबलं तरी तिथून पुढे जाता येतं. मग एफएससीके त्या प्रतीवर चालवायचा, मूळ डिस्कवर नाही.

फाइली उतरल्या आणि डिस्क धडधाकट निघाली, की मग निवांतपणे दुरुस्ती.

ओळींमध्ये एफएससीकेची मागणी असेल तर पार्टिशनचं नाव त्याच ओळीत असतं, समजा /डेव्ह/एसडीए२. आधी लाइव्ह यूएसबीवरून पार्टिशन अनमाउंट करा. जोडलेल्या पार्टिशनवर एफएससीके चालवणं म्हणजे धडधडीत नुकसान. मग ‘ई२एफएससीके -एफ -एन’. ‘-एन’ काहीही बदलत नाही, फक्त काय काय बिघडलंय ते वाचून दाखवतो. यादी चार-दहा ओळींची असेल, मोकळ्या ब्लॉकची मोजणी चुकली, एखादा अनाथ आयनोड (फाइलची आतली नोंद), अशी, तर ‘-एफ -वाय’ लावून खुशाल दुरुस्त करा. तिथे ‘-वाय’बद्दल माझी तक्रार नाही. यादी पानंच्या पानं वाहत असेल तर थांबा आणि प्रत काढा. सुपरब्लॉकच, म्हणजे फाइल सिस्टमची मुख्य नोंदच, वाचता येत नाही असं म्हणाला तर त्याच्या राखीव प्रती असतात. चार किलोबाइटच्या ब्लॉकवर पहिली ३२७६८ या ठिकाणी असते आणि ‘-बी’नंतर तो आकडा दिला की तिच्यावरून काम चालतं.

एक बारीक गोष्ट. ‘सुपरब्लॉकमधली शेवटच्या माउंटची वेळ भविष्यातली आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली तर दोष फाइल सिस्टमचा नाही, घड्याळाचा आहे. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख मागे जाते. सेल बदला, तारीख लावा.

हे सगळं एक्स्ट४ साठी. एक्सएफएस असेल तर साधन ‘एक्सएफएस_रिपेअर’, आणि बीटीआरएफएस असेल तर ‘चेक --रिपेअर’ला जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नका, तिथे तो शेवटचा उपाय आहे.

आणि एफएससीकेने काम झालं तरी मनात एक शंका राहू द्या. जर्नल असतंच मुळी अचानक वीज गेली तरी नोंदी जुळलेल्या राहाव्यात म्हणून. एकदा बटण दाबून बंद केल्याने हाताने एफएससीके चालवायची वेळ सहसा येत नाही. तेव्हा डिस्क, केबल किंवा रॅम यांपैकी कुणीतरी आधीपासून कुरकुरत असण्याची शक्यता धरा. ‘मेमटेस्ट८६+’ रात्रभर चालवून ठेवा. लॅपटॉप अपडेटच्या मध्येच का गोठला, याचं उत्तरही कदाचित तिथेच मिळेल.

आता दुसरी शक्यता, यूयूआयडी सापडत नाही. इथे इनिट्रॅमएफएसचा प्रॉम्प्टच कामाला येतो. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ म्हणा, कर्नलला कोणता यूयूआयडी शोधायला सांगितलंय ते दिसेल. मग ‘बीएलकेआयडी’ म्हणा, प्रत्यक्षात कोणते आहेत ते दिसतील. आता तीन निकाल निघू शकतात.

डिस्क यादीत आहे, यूयूआयडी वेगळा आहे: कुणीतरी पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलंय किंवा हलवलंय, ग्रबच्या नोंदी जुन्याच राहिल्यात. डिस्क यादीत आहे आणि यूयूआयडीही तोच आहे: डिस्क उशिरा जागी होते. यूएसबीवरच्या डिस्कबाबत हे घडू शकतं. ग्रबमध्ये त्या ‘लिनक्स’च्या ओळीशेवटी ‘रूटडिले=६०’ लावून बघा. आणि डिस्क यादीतच नाही, हा निकाल सगळ्यात जास्त घाबरवतो, पण कारण कित्येकदा साधं निघतं. लाइव्ह यूएसबीलाही ती दिसत नसेल तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जा आणि साटा किंवा स्टोरेज मोड बघा. फर्मवेअर अपडेट झालं किंवा तोच सेल संपला की सेटिंग मूळपदावर जातात, एएचसीआय हा मोड बदलून रेड होतो, आणि एनव्हीएमई डिस्क लिनक्सच्या नजरेआड जाते. परत एएचसीआय केलं की सगळं जसंच्या तसं. त्याच मशीनवर विंडोज असेल तर मात्र हा बदल विचारपूर्वक करा, ते जुन्या मोडची सवय घेऊन बसलेलं असतं.

लाइव्ह यूएसबीला डिस्क दिसते पण इनिट्रॅमएफएसला दिसत नाही, असं झालं तर त्या छोट्या फाइल सिस्टममध्ये ड्रायव्हरच नाही, म्हणजे ती अर्धवट बनली आहे. तुमच्या हकिकतीत हे अगदी बसतं: अपडेट मध्येच तुटलं. मग ग्रबच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. खरं तर फोटो काढून झाल्यावर हा प्रयोग लगेच करायला हरकत नव्हती, पण तुमच्या कामाची दुसरी प्रत नाही म्हणून मी तो इतका मागे ठेवला. जुन्या कर्नलने मशीन सुरू झालं तर आत जाऊन ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ म्हणा, अर्धवट राहिलेलं काम ते पूर्ण करतं. मग ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’. फेडोरावर याच कामाला ‘ड्राकट --फोर्स --रिजनरेट-ऑल’, आर्चवर ‘एमकेइनिटसीपीआयओ -पी’, यातला शेवटचा पी मात्र मोठा.

त्याआधी ‘डीएफ -एच’ म्हणून /बूट, म्हणजे कर्नलच्या फाइलींची जागा, भरलेलं नाही ना ते बघा. एन्क्रिप्शनसह इन्स्टॉल केलेल्या मशीनवर /बूट हे वेगळं, लहान पार्टिशन असतं. जुने कर्नल साचत जातात, नव्याची इनिट्रॅमएफएस लिहायला जागा उरत नाही, आणि अपडेटच्या गर्दीत ‘नो स्पेस लेफ्ट’ ही ओळ कुणी वाचत नाही. तिचं दुसरं रूपही ओळखून ठेवा: इनिट्रॅमएफएस बनलीच नाही तर प्रॉम्प्टही येत नाही, थेट कर्नल पॅनिक येतं आणि शेवटी ‘अननोन-ब्लॉक’ व कंसात दोन शून्यं. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने जागा होते. /बूटमधल्या फाइली हाताने खोडत बसू नका.

जुना कर्नलही सुरू होत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून आत शिरायचं. रूट पार्टिशन आता नेहमीसारखं /एमएनटीवर जोडा. वेगळं /बूट असेल तर /एमएनटी/बूटवर, ईएफआयचं पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआयवर. मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन हे चारही ‘माउंट --बाइंड’ने आत जोडा आणि ‘सीएचरूट /एमएनटी’. आता टर्मिनल तुमच्या डिस्कवरच्या उबुंटूचं आहे, वरच्या तीनही आज्ञा तिथे तशाच चालतात. सीएचरूट करताना /बूट जोडायचं विसरतं आणि नवी इनिट्रॅमएफएस भलत्याच जागी लिहिली जाते, ही चूक मी इतरांच्या मशीनवर निस्तरली आहे. ‘डीएफ’ने एकदा खात्री करून घ्या.

दुरुस्तीनंतर मशीन पुढच्या पायरीवर अडलं तर तेही सांगून ठेवतो. ‘इमर्जन्सी मोड’ आला, आणि त्याआधी दीड मिनिट एखाद्या डिस्कची वाट बघणारी ओळ सरकत राहिली, तर रूट सापडलंय. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, लिहिलेली दुसरी कुठलीतरी डिस्क सापडत नाहीये. काढून ठेवलेली बाहेरची डिस्क असेल. त्या ओळीच्या पर्यायांत ‘नोफेल’ घाला. इमर्जन्सी मोड तुम्हाला आत घेत नसेल तर हा बदलही लाइव्ह यूएसबीवरून करा. एफएसटॅब सुधारल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ म्हटलं की चुका रीस्टार्ट करण्याआधीच कळतात. सगळं सुरू होऊन पडदा मात्र काळाच राहिला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. लॉगिन मागितलं तर मशीन उठलेलं आहे, प्रश्न ग्राफिक्सचा आहे.

आणखी एक. शोधताना तुम्हाला जुनी उत्तरं सापडतील. ज्यात ‘मेनू.एलएसटी’ फाइल बदलायला सांगितलंय ते पान बंद करा, ते जुन्या ग्रबचं आहे आणि उबुंटूने २००९ मध्येच तो सोडला. उबुंटू आणि डेबियन २०१५ मध्ये सिस्टमडीवर आले, त्यामुळे त्याआधीच्या उत्तरांतलं रनलेव्हलबिव्हलचं वर्णनही तुमच्या मशीनला नीट लागू पडणार नाही. सुरू होण्याच्या पायऱ्या आणि इनिट्रॅमएफएसचं काम मात्र तेव्हाही साधारण हेच होतं.

तर आज इतकंच करा: प्रॉम्प्टच्या वरच्या ओळींचा फोटो, लाइव्ह यूएसबी, होम फोल्डरची प्रत, आणि स्मार्टसीटीएल. या चारही गोष्टींनी डिस्कवरच्या तुमच्या मजकुरात काहीच बदलत नाही. मग फोटोतल्या ओळी, ‘एलएसबीएलके -एफ’चं उत्तर आणि स्मार्टमधले ते आकडे मला जसेच्या तसे पाठवा, गाळलेले किंवा आठवणीतून लिहिलेले नकोत. त्यावरून एफएससीकेचा रस्ता घ्यायचा की इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवायची, हे नक्की सांगता येईल. प्रत काढताना एखादी फाइल वाचता येत नाही असं दिसलं तर तिथेच थांबा, पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, आणि आधी ते कळवा.